वऱ्हाडातून विधिमंडळाकडे जाणाऱ्या वाटा

अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबर २०२३ रोजी गेले. ‘लालाजी’ या नावाने सारं अकोला त्यांना ओळखायचं. १९९५ पासून सलग सहा वेळा निवडून आलेला माणूस. आमदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची, असा दंडक आहे. त्याप्रमाणे निवडणूक आयोगाने लोकसभेच्या जोडीने २६ एप्रिल २०२४ ही मतदानाची तारीख जाहीर केली. इच्छुकांनी गुडघ्याला बाशिंग बांधलं. आणि मार्च संपता संपता उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पोटनिवडणूकच रद्द ठरवली.

कारण साधं होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सहा महिन्यांची मुदत घालतं, पण सदस्याच्या वाट्याला एक वर्षाहून कमी काळ उरत असेल तर त्यातून सूटही देतं. मतमोजणी ४ जूनला व्हायची होती आणि विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपणार होती. म्हणजे नव्या आमदाराला सहा महिनेसुद्धा मिळाले नसते. अकोला शहराचा मोठा भाग मग वर्षभराहून अधिक काळ आमदाराविना राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये साजिद खान पठाण तिथून निवडून आले, तेही तेराशेच्या आतल्या मताधिक्याने.

या वर्षभरात अकोलेकरांचं काय अडलं? दाखले, शिफारशीची पत्रं, दवाखान्यात लावायचे फोन यांची सोय इतर पुढाऱ्यांनी केली. जे अडलं ते कुणाला दिसलं नाही. अर्थसंकल्पाच्या वेळी या मतदारसंघाच्या नावाने सभागृहात उभं राहायला कुणी नव्हतं आणि ज्या समित्यांवर तिथला सदस्य बसला असता, तिथे तो नव्हता. आमदार म्हणजे कामं करून देणारा माणूस, अशी आपली व्याख्या झाली आहे. राज्यघटनेतला आमदार निराळा आहे. तो कसा घडतो आणि सभागृहात काय करतो, हे वऱ्हाडाच्या अंगाने पाहू.

वऱ्हाडचा विधिमंडळाशी संबंध जुना आहे आणि विचित्रही. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख कर्जापोटी इंग्रजांकडे सोपवला. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला, वर्षाला २५ लाख रुपये, आणि १९०३ पासून कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. पण कागदोपत्री मालक निजामच. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर नागपुरात कौन्सिल भरू लागली तेव्हा वऱ्हाडच्या सभासदांची मोठी पंचाईत झाली. त्यांना इथले मतदार निवडून देत, पण वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने सरकार मग त्यांची ‘नेमणूक’ करी. निवडून आलेला माणूस कागदावर नेमलेला! १९३६ च्या करारानंतर निजामाचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, झाला आणि वऱ्हाडात युनियन जॅकसोबत निजामाचा झेंडाही लावायचं ठरलं. मतदार, सरकार आणि मालक अशा तीन धन्यांची ही लोकशाही फार कमी मुलखांच्या नशिबी आली असेल.

याच कौन्सिलवर अमरावतीचे पंजाबराव देशमुख १९३० मध्ये निवडून आले आणि शिक्षणमंत्री झाले. देवस्थानांच्या संपत्तीबाबतचं विधेयक आणून त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे ते घटना समितीत गेले आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणीही घटना समितीत होते. नंतर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात ते अर्थमंत्री झाले. विधानसभा कशी असावी हे घटनेत लिहिलं गेलं तेव्हा वऱ्हाडची माणसं तिथे बसलेली होती, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

वेगळ्या विधिमंडळाचं स्वप्नही इथलंच. ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्राचे दोन उपप्रांत, दोन मंत्रिमंडळं आणि दोन कायदेमंडळं कल्पिली होती. ती कागदावरच राहिली. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर अमरावतीचे रामराव देशमुख आणि अकोल्याचे गोपाळराव खेडकर यांच्या सह्या आहेत. त्यात दोन कायदेमंडळांऐवजी एकच मान्य झालं आणि बदल्यात वर्षाला निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तरी १ नोव्हेंबर १९५६ ला आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. डिसेंबरातलं नागपूरचं अधिवेशन ही त्या तडजोडीची उरलेली खूण.

आता आजचा हिशेब. विधानसभेत २८८ जागा आहेत, पैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव. विदर्भाच्या ६२. अमरावती जिल्ह्याच्या आठ आणि अकोल्याच्या पाच. दर्यापूर आणि मूर्तिजापूर अनुसूचित जातींसाठी राखीव, मेळघाट जमातींसाठी. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००९ च्या निवडणुकीला लागू झाली तेव्हा विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. वलगाव, चांदूर, बोरगाव मंजू ही मतदारसंघांची नावं नकाशावरून पुसली गेली. लोकसंख्या मुंबई-पुणे पट्ट्यात फुगली की जागाही तिकडेच सरकतात. पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होईल आणि महिलांच्या एक तृतीयांश राखीव जागा तिच्यानंतरच लागू होतील. वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी आतापासून त्याचा अभ्यास करायला हवा. सध्या तरी तो करताना कुणी दिसत नाही.

विधानसभेची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट, बंडखोरी, प्रचार, मतदान यंत्र. विधान परिषदेची वाट मात्र बहुतेकांना आमदारकीचं मागचं दार वाटते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबू. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. साहित्य, कला, विज्ञान, सहकार आणि समाजसेवा यांतली माणसं नेमावीत, ही घटनेची अपेक्षा. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच दाराने गेले. अलीकडे हे दार पक्षांच्या यादीचंच झालं आहे. मधल्या काळात बारा नावांची यादी राजभवनात वर्षानुवर्षं पडून राहिली, त्याचं कुणाला फारसं सोयरसुतकही नव्हतं.

दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षं परिषदेत होते. दहा वर्षं उपसभापती, मग सभापती, पुढे विरोधी पक्षनेते. परिषद म्हणजे हरलेल्यांची सोय असं म्हणणाऱ्यांनी त्यांची आणि बी. टी. देशमुखांची भाषणं काढून वाचावीत. अमरावती पदवीधर मतदारसंघाने देशमुखांना पाच वेळा निवडून दिलं. सिंचनाचा अनुशेष, प्राध्यापकांच्या सेवाशर्ती, अर्थसंकल्पातली पानं हा त्यांचा मुलूख. आकडे तोंडपाठ असलेला सदस्य समोर असला की मंत्री तयारी करूनच येतो.

पदवीधरांचं मतदान कसं होतं हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच लिहायचं आणि उमेदवाराच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम टाकायचे. बरोबरची खूण केली, ‘एक’ असं अक्षरात लिहिलं किंवा सही ठोकली, तर मत बाद. आणि हे सगळे मतदार पदवीधर! अमरावतीच्या जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत सुमारे दोन लाख नोंदलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी मतदान केलं आणि आठ हजारांहून अधिक मतं बाद झाली. पहिल्या पसंतीवर कुणालाच कोटा गाठता आला नाही, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त मत मिळालं नाही. तळचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहून ती मतं वाटायची, मग त्याच्या वरचा. अशी मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. अखेर धीरज लिंगाडे यांनी दोन वेळचे आमदार डॉ. रणजित पाटील यांना सुमारे ३,४०० मतांनी हरवलं. बाद मतं या फरकाच्या दुपटीहून जास्त होती.

स्थानिक संस्थांच्या मतदारसंघाची गोष्ट तर आणखी बोलकी. त्याचे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य. २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मुदती संपत गेल्या, निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले. जून २०२४ मध्ये अमरावतीचे प्रवीण पोटे-पाटील यांची मुदत संपली तेव्हा निवडणूक घेणार कशी? पुरेसे मतदारच नव्हते! खालची सभागृहं बंद पडली की वरच्या सभागृहातली खुर्चीही रिकामी होते.

आता कामकाजाकडे. अधिवेशन सुरू झालं की गावोगावच्या चहाच्या टपरीवर एकच उत्तर मिळतं, “भाऊ नागपूरले गेले हायेत.” भाऊ तिथे काय करतात, हे कुणी विचारत नाही. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्न कित्येक दिवस आधी द्यावा लागतो आणि त्याचा साचा ठरलेला असतो. अमुक धरणाचं काम रखडलं ‘हे खरे आहे काय’, असल्यास शासनाने कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. मंत्र्याच्या छापील उत्तरातही ठरलेले शब्द असतात. ‘हे अंशतः खरे आहे’ म्हणजे बरंच खरं आहे. ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे तो गैरसोयीचा आहे. या छापील वाक्यांना भेदून उपप्रश्न विचारता येणं हीच सदस्याची परीक्षा. मग लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव. लोकलेखा समिती आणि अंदाज समितीचं काम मात्र कॅमेऱ्याबाहेर चालतं, म्हणून तिथे जायला उत्साह कमी.

पैशाच्या बाबतीत शेवटचा शब्द विधानसभेचा. धनविधेयक परिषद चौदा दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. साधं विधेयकही जास्तीत जास्त चार महिने लांबवू शकते. वऱ्हाडच्या बाबतीत इथे एक तिढा आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विकास मंडळं आली आणि निधीचं वाटप कसं व्हावं याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. ‘खर्च मंजूर करायचा आमचा अधिकार राज्यपालांकडे कसा?’ असा सूर पश्चिम महाराष्ट्रातून निघाला. पण विधानसभेत संख्येच्या जोरावर जे मिळत नव्हतं, ते निदान कागदावर तरी या निर्देशांनी मिळालं. सिंचनाचा उरलेला अनुशेष प्रामुख्याने अमरावती विभागाच्या जिल्ह्यांतलाच होता. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली, आणि त्यावर सभागृहात झाला त्याहून कितीतरी अधिक गोंधळ व्हायला हवा होता, असं माझं मत आहे.

पक्षादेशाचं काय होतं, ते जून २०२२ मध्ये बाळापूरने पाहिलं. शिवसेनेचे आमदार नितीन देशमुख एकनाथ शिंदेंच्या गटासोबत सुरतेला पोहोचले. इकडे पत्नीने ते बेपत्ता असल्याची तक्रार दिली आणि परतल्यावर, आपल्याला जबरदस्तीने नेलं होतं, असं त्यांनी सांगितलं. अचलपूरचे बच्चू कडू आणि मेळघाटचे राजकुमार पटेल मात्र गुवाहाटीला शिंदेंच्या बाजूने होते. या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला लागला, विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला दिला, आणि अपात्र कुणीच ठरलं नाही. तोवर विधानसभेच्या मुदतीचे दहा महिने उरले होते. पक्षांतर रोखायला १९८५ मध्ये आलेला कायदा इतका संथ चालणार असेल, तर तो आहे काय आणि नाही काय.

मंत्रिमंडळालाही मर्यादा आहे. सभागृहाच्या पंधरा टक्के, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातच ३९ जणांनी शपथ घेतली. त्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतला एकही आमदार नव्हता. दोन्ही ठिकाणचे पालकमंत्री बाहेरचे. विधानसभेतल्या १३ जागांचं हे मोल. मंत्रिपद नसलेल्या जिल्ह्याला सभागृहातला बोलका सदस्य अधिकच लागतो.

म्हणून एक विनंती. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते; जुन्या यादीत नाव होतं म्हणून नव्यात येत नाही. पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर, पदवीला तीन वर्षं झालेली हवीत, अर्जाचा नमुना क्रमांक १८. अमरावतीच्या शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते, पदवीधरांची फेब्रुवारी २०२९ मध्ये. घरातल्या पदवीधर सुनांची आणि लेकींची नावं आधी नोंदवा, कारण यादीतून त्याच सगळ्यात जास्त गळतात. आणि केंद्रावर गेल्यावर आकडाच लिहा, खूण करू नका.