दिवसा पेंग, रात्री जाग आणि दहा दिवसांच्या गोळ्या

काँगोत नदीकाठच्या दाट झाडीत त्सेत्से माशी चावते आणि तिच्या लाळेतून एक एकपेशीय परजीवी माणसाच्या रक्तात उतरतो. हा पक्का बहुरूपी. शरीराची प्रतिकारशक्ती त्याचा प्रथिनांचा अंगरखा ओळखायला शिकते, तोवर त्याच्या काही भाऊबंदांनी नवा अंगरखा चढवलेला असतो. महिनोन्‌महिने असं चालतं. मग तो मेंदूत शिरतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो, असंबद्ध बोलू लागतो, घरच्यांवर धावून जातो. उपचार झाले नाहीत तर मरण जवळजवळ अटळ. हा निद्रारोग.

मेंदूपर्यंत पोचलेल्या या रोगावर कित्येक दशकं मुख्य औषध होतं मेलार्सोप्रॉल, म्हणजे सोमलाचं संयुग. सुमारे वीस रुग्णांमागे एक जण या औषधानेच दगावायचा, आणि हे ठाऊक असूनही डॉक्टरांना सुई टोचावी लागायची. 2009 पासून बरीच सुरक्षित अशी औषधांची जोडी मिळू लागली. पण तिला सलाइन हवं, परिचारिका हवी, रुग्णालयात मुक्काम हवा. रुग्णांच्या गावांना धड रस्ता नव्हता.

2003 मध्ये जिनिव्हात 'डीएनडीआय' ही दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधणारी ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आहे, शिवाय केनिया, ब्राझील, मलेशिया आणि फ्रान्समधल्या संस्थाही. तिच्या संशोधकांनी जुन्या, बाजूला पडलेल्या रसायनांची छाननी केली आणि 2005 मध्ये फेक्सिनिडाझोल हाती लागलं. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने ते काही दशकांपूर्वी शोधून सोडून दिलं होतं! पुढे हेक्स्टचा वारसा सनोफीकडे गेला आणि 2009 मध्ये हीच सनोफी या कामात भागीदार झाली.

पहिल्या चाचण्या निरोगी स्वयंसेवकांवर फ्रान्समध्ये झाल्या. फेक्सिनिडाझोलची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही, हे तिथे कळलं. मग संशोधकांनी भात आणि घेवड्याच्या जेवणासोबत ती देऊन पाहिली, कारण काँगोतल्या रुग्णाच्या ताटात असंच काही असणार. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.

खरी कसोटी 2012 पासून काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सुरू झाली. रोग मेंदूपर्यंत पोचलेले 394 रुग्ण त्यात होते. आधी केंद्रांवर वीज, इंटरनेट, प्रयोगशाळा उभ्या कराव्या लागल्या. स्थानिक डॉक्टर आणि परिचारिकांना चाचणीचे काटेकोर नियम शिकवावे लागले. उपचार संपल्यावरही दीड वर्ष रुग्णांचा माग ठेवायचा होता, त्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी पुन्हा पुन्हा तपासायचं होतं. या वेदनादायक तपासणीसाठी माणसं दुर्गम गावांतून परत येत राहिली, याचं श्रेय त्यांना आणि त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या स्थानिक पथकांना द्यायला हवं.

दीड वर्षाअखेर गोळ्यांचं यश 91 टक्के, जुन्या जोडीचं 98 टक्क्यांच्या आसपास. गोळ्या थोड्या मागे पडल्या, पण फरक आधीच ठरवलेल्या मर्यादेत होता. तरीही आजार फार बळावलेल्यांसाठी अजूनही जुनी जोडी योग्य मानतात. बाकीच्यांना दहा दिवस जेवणानंतर गोळ्या पुरतात. 2018 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी अनुकूल मत दिलं, त्यानंतर काँगोने मान्यता दिली.

आता अकोझिबोरोल आलं आहे: तीन गोळ्या, एकदाच घ्यायच्या. काँगो आणि गिनीतल्या चाचणीत मेंदूपर्यंत रोग पोचलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के बरे झाले.