पियानोवादनातील डाव्या हाताची अखंड साथ

पियानोच्या पट्टीवर बोट पडले की नमदा चढविलेली हातोडी तारेवर आदळते आणि तत्काळ मागे सरते. पट्टी दाबून धरली तरी हातोडी तारेपाशी थांबत नाही. स्वर उमटला त्या क्षणापासूनच तो क्षीण होऊ लागतो. तो केव्हा थांबवावा, एवढेच काय ते वादकाच्या हाती उरते. हार्मोनियम किंवा मराठी संगीत नाटकांच्या साथीला असणारा ऑर्गन यांची गोष्ट निराळी. तेथे भाता हवा पुरवीत असेतोवर स्वर सारख्याच जोमाने उभा राहतो, आणि दोन स्वरांमधील सांधा बुजविणे हे केवळ बोटांचे काम असते. या दृष्टीने पाहता, पियानोवर स्वरामागून स्वर अखंड वाहता ठेवणे, ज्याला इटालियन परिभाषेत लेगाटो म्हणतात, हे वाद्याच्या प्रकृतीविरुद्धच होय. तो एक श्रवणाभास आहे. आणि तो निर्माण करण्याची मोठी जबाबदारी, श्रोत्याचे लक्ष जिकडे क्वचितच जाते, त्या डाव्या हातावर असते.

याचे कारण तारांच्या घडणीत सापडते. वरच्या सप्तकांतील तारा आखूड व हलक्या असल्यामुळे त्यांचा नाद लवकर विरतो. खर्जाच्या तारा लांब व तांब्याच्या वेढ्यांनी जड केलेल्या असल्यामुळे दीर्घकाळ घुमतात. उजव्या हाताची चाल संथ असली म्हणजे तिचे दोन स्वर दूरदूर पडतात आणि पहिला स्वर दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दुबळा होतो. मधली पोकळी भरून निघते ती साथीने. साथ तुटक झाली, तर उजव्या हाताने कितीही काळजी घेतली तरी चाल गायिल्यासारखी वाटत नाही. विद्यार्थी अशा वेळी उजव्या हाताचाच अधिक रियाझ करू लागतो, ही नेहमी आढळणारी चूक आहे.

साथीचे स्वर पंजाच्या आवाक्यात असतात तेव्हा प्रश्न बोटांच्या समतोलाचा असतो. मोझार्टच्या 1788 मधील सी मेजर सोनाटाचा (के. 545) आरंभ हे याचे सर्वपरिचित उदाहरण. येथे डावा हात कॉर्डचे स्वर एकदम न वाजविता सी-जी-ई-जी असे सुटे सुटे फिरवितो. इटालियन संगीतकार डोमेनिको अल्बेर्ती याच्या नावावरून या रचनेला अल्बेर्ती खर्ज म्हणतात. करंगळी सी वर, मधले बोट ई वर आणि अंगठा जी वर, अशी बोटांची सहज योजना होते. परिणामी आठ स्वरांपैकी चार अंगठ्याच्या वाट्याला येतात. अंगठा हे हाताचे सर्वांत जड बोट. आणि त्याच्याकडे आलेला जी हा स्वर मात्र अर्थदृष्ट्या सर्वांत गौण, कारण दुसऱ्या बारच्या प्रारंभी कॉर्ड बदलते तेव्हाही तो तेथेच असतो. खरी हालचाल करंगळीकडे आहे: सी, मग डी, पुन्हा सी. ही खालची ओळ ऐकू आली पाहिजे आणि जी केवळ कुजबुजला पाहिजे. त्यासाठी अंगठा पट्टीवरून न उचलता, पट्टी जेमतेम वर येताच पुन्हा खाली नेतात. करंगळी मात्र आपला स्वर लिहिलेल्या कालावधीपेक्षा किंचित अधिक धरून ठेवते. पेडलला स्पर्शही न करता साथ सलग भासू लागते.

शोपँच्या रचनांत हा उपाय अपुरा पडतो. 1832 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई फ्लॅट मेजर नॉक्टर्नमध्ये (ओपस 9, क्रमांक 2) प्रत्येक ठोक्याला तीन आघात आहेत: प्रथम खर्जाचा एकच स्वर, मग वरच्या बाजूस दोन कॉर्ड. खर्जापासून कॉर्डपर्यंतचे अंतर पंजात मावत नाही. करंगळीला आपली पट्टी सोडावीच लागते, आणि बोटांनी सांधा जोडण्याची कल्पनाच येथे संपते. उजव्या पायाखालील पेडल सर्व डॅम्पर तारांवरून उचलून धरते. हात निघून गेला तरी स्वर मागे राहतो. ऑर्गनवादकाचे पाय हवा पुरवितात, पियानोवादकाचा पाय वाजून गेलेला स्वर राखतो.

परंतु हे राखणे क्षणाच्या अचूकतेवर अवलंबून आहे. नवा खर्ज वाजतो नेमक्या त्याच क्षणी पेडल वर यावे, जुन्या कॉर्डचा नाद पुसला जावा, आणि करंगळी पट्टी सोडण्यापूर्वी पेडल पुन्हा खाली गेलेले असावे. ते क्षणभर उशिरा दाबले गेले तर खर्ज निसटतो. मग केवळ सांधा तुटतो असे नव्हे, तर कॉर्डचा पायाच नाहीसा होऊन ती अधांतरी राहते आणि संगीताचा अर्थ बदलतो. शोपँने पेडलच्या खुणा स्वतः लिहिल्या, पण त्या त्याच्या काळच्या प्लेयेल पियानोसारख्या हलक्या नादाच्या वाद्यांसाठी होत्या. लोखंडी चौकटीच्या, खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या ओढलेल्या आजच्या पियानोवर त्या शब्दशः पाळल्यास नाद गढूळ होण्याचा संभव असतो. अशा वेळी पेडल अर्धवटच वर येऊ देतात. डॅम्परचा निसटता स्पर्श झाला की वरच्या हलक्या तारा विझतात, खर्जाची जड तार मात्र घुमत राहते.

पेडलने सर्व साधते असा समज मात्र घातक आहे. डी फ्लॅट मेजर नॉक्टर्नमध्ये (ओपस 27, क्रमांक 2, प्रकाशन 1836) पहिला संपूर्ण बार एकट्या डाव्या हाताचा आहे: बारा सुटे स्वर, विस्तार सप्तकाहून मोठा. पेडल या स्वरांना एकत्र ठेवील, पण त्यांतील एखादा अंगठ्याच्या धक्क्याने उसळला तर तो धक्काही तितकाच जपून ठेवील. म्हणून हात ताणून न धरता कोपरापासून पूर्ण बाहू त्या दिशेने वाहू देतात, मनगट सैल ठेवतात, आणि प्रत्येक नवा स्वर मागच्या स्वराच्या ओसरलेल्या पातळीवर उचलतात. मनगटाची लवचिकता शोपँ आपल्या शिष्यांना आग्रहाने शिकवी. साथीच्या हाताने लय सांभाळावी आणि स्वातंत्र्य चाल गाणाऱ्या हाताने घ्यावे, असाही त्याचा कटाक्ष असल्याचे शिष्यांच्या आठवणींत आढळते.

अभ्यासाचा क्रम यातूनच ठरतो. प्रथम डावा हात एकटा, पेडलशिवाय व अतिसंथ लयीत. सुटे स्वर एकत्र करून कॉर्ड म्हणून वाजविल्यास पंजाला पुढच्या जागेची ओळख होते. नंतर केवळ खर्जाचे स्वर आणि पेडल. मधले स्वर शेवटी भरावेत, आणि तेही इतके हळू की खर्जाची ओळ पूर्वीइतकीच स्पष्ट ऐकू यावी.