मुक्तस्रोतातील मतभेद

मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिचा मूळ संकेत कोणालाही वाचता, तपासता व बदलता येतो अशी आज्ञावली. साहजिकच तिच्यातील उणिवाही चारचौघांत मांडल्या जातात. नाशिकमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील एमआयटीत २०२० साली आकाराला आलेले ‘सेफ पाथ्स’ हे कोरोनाकाळातील संपर्कशोधाचे ॲप या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जीपीएसद्वारे दर पाच मिनिटांनी टिपलेले स्थान २८ दिवस फोनमध्येच राहत असे आणि बाधिताने संमती दिल्यासच ते आरोग्य यंत्रणेकडे जात असे. तथापि, अशा नोंदींवरचा मूलभूत आक्षेप रास्तच होता, कारण नाव पुसले तरी रोज रात्री ज्या बिंदूवर फोन स्थिर असतो ते घर, आणि घर कळले की माणूस कळतो. म्हणूनच अशा खुणा प्रसिद्धीपूर्वी गाळण्याचे साधन प्रकल्पाला तयार करावे लागले.

स्थानाऐवजी ब्लूटूथने केवळ दोन फोनमधील जवळीक नोंदवण्याच्या पर्यायावर युरोपातही फूट पडली. नोंदींची जुळणी मध्यवर्ती सर्व्हरवर करावी की प्रत्येकाच्या फोनवर, या वादात १९ एप्रिल २०२० रोजी सुमारे ३०० शास्त्रज्ञांनी खुले पत्र काढून मध्यवर्ती साठ्याच्या धोक्यांबाबत इशारा दिला. भारतात ‘आरोग्य सेतू’ या सरकारी संपर्कशोध ॲपचा संकेत बंद असल्याबद्दल झालेल्या टीकेनंतर त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा संकेत २६ मे रोजी खुला झाला, तर रासकरांच्या प्रकल्पाने पुढे गूगल-ॲपलची ब्लूटूथ-पद्धती स्वीकारली.