दुपारच्या ताटाचे गणित

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ‘राईस प्लेट’ मागितली की पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात येतो. निवडीला वाव नाही, म्हणूनच ती कामगाराच्या रोजात बसते. मोठ्या हॉटेलांतही मी दुपारी हेच शोधतो. भाडे, आचाऱ्याचा पगार चुकत नाही. रिकाम्या टेबलापेक्षा थोड्या नफ्याचे ताट मालकाला परवडते. ठरलेले पदार्थ एकदम शिजतात, नासाडी घटते. स्पेनमध्ये १९६०च्या दशकात सरकारनेच असे ठरावीक दराचे जेवण सक्तीचे केले. आपली २०२०ची दहा रुपयांची शिवभोजन थाळी वेगळी; ती अनुदानावर उभी. उंची हॉटेलात हे ताट मेनूकार्डात सापडेलच असे नाही, खुशाल विचारावे. बिलात सेवाशुल्क दिसले तर काढायला सांगावे. जुलै २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते ऐच्छिक आहे.