पुनाख्याची भातखाचरं हाही वारसाच

भूतानच्या सहलीत थिंफू आणि पारोच्या जोडीला पुनाखा बहुतेक वेळा असतंच. थिंफूहून निघालं की आधी सुमारे ३,१०० मीटर उंचीची दोचुला खिंड ओलांडावी लागते. मग रस्ता उतरत उतरत साधारण १,२५० मीटरपर्यंत येतो, हवा उबदार होते आणि डोंगरउतारांवर भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरं दिसू लागतात. या खोऱ्यातल्या बौद्ध मंदिरांना आपण वारसा म्हणतो, त्यांचा इतिहास विचारतो. खाचरांचा मात्र फोटो काढतो आणि पुढे जातो. खरं तर इथली मंदिरं आणि इथलं भात यांना वेगळं काढता येत नाही. मंदिरं जपायची असतील, तर खाचरंही वारसा मानूनच जपायला हवीत.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे पुनाख्याचा झोंग. झोंग म्हणजे एकाच आवारात किल्ला, मठ आणि कचेरी. भूतान एकत्र करणाऱ्या शब्द्रुंग ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८मध्ये फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तो बांधला. पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, पुनाखा ही देशाची हिवाळी राजधानी होती. १९०७मध्ये पहिल्या राजाचा राज्याभिषेकही इथेच झाला. आजही थंडी सुरू झाली की देशाचे मुख्य धर्मगुरू जे खेन्पो आणि मध्यवर्ती मठातले भिक्षू थिंफूहून पुनाख्याला येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. याचं एक कारण उबदार हवा हे आहेच. पण शेकडो भिक्षूंना महिनोनमहिने जेवू घालायचं, तर जवळपास धान्याची कोठारं भरलेली असावी लागतात. नद्यांकाठचा गाळ, पाटाचं पाणी आणि ऊब यांमुळे पुनाखा पिकाऊ होतं. शेतकऱ्यांचा सारा पूर्वी धान्याच्या रूपातच झोंगमध्ये जमा होई.

राजसत्तेपासून दूर असलेल्या देवळांतही हीच वीण दिसते. सोप्सोखा गावाजवळच्या टेकडीवर चिमी ल्हाखांग हे छोटं मंदिर आहे. १४९९मध्ये बांधलेलं हे मंदिर द्रुकपा कुन्ले या अवलिया संताशी जोडलेलं आहे आणि अपत्यप्राप्तीसाठी दूरदूरची जोडपी तिथे येतात. तिथे जाणारी पायवाट भातखाचरांमधून जाते. घरोघरीचा लोछो हा वार्षिक विधी बहुधा सुगीनंतर होतो. भिक्षूंना घरी बोलावून पूजा होते, पिठाचे आणि लोण्याचे तोर्मा हे नैवेद्य मांडले जातात आणि नातलग, शेजारी पंगतीला येतात. शेतीच्या वर्षाने या धर्माला दिनदर्शिका दिली आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. धान्याचा सारा आणि वेठ शेतकऱ्याच्या माथी मारून झोंग उभे राहिले, मग त्या व्यवस्थेचं कौतुक कशासाठी? ते ओझं खरंच जड होतं. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी गुलामगिरी मोडली, जमीनधारणेवर मर्यादा घातली आणि धान्यातला सारा हळूहळू रोख करात बदलला. ते योग्यच झालं. पण यातून एवढंच सिद्ध होतं की मंदिरांच्या वैभवात कुणबिकीचे कष्ट मुरलेले आहेत. ज्यांच्या घामावर हा वारसा उभा राहिला, त्यांच्या शेताला त्यातून वगळणं हा दुसरा अन्याय ठरेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. भूतानमध्ये भारतातून स्वस्त तांदूळ येतो. तरुण मुलं थिंफूला, ऑस्ट्रेलियाला जातात. शेतकऱ्याला खाचराच्या जागी हॉटेल बांधावंसं वाटलं, तर पाहुण्यांच्या डोळ्यांना सुख व्हावं म्हणून त्याला अडवायचं का? नुसतं अडवून चालणार नाहीच. २००७च्या जमीन कायद्याने पाणथळ भातजमिनीचा, म्हणजे छूझिंगचा, इतर कामांसाठी वापर करण्यावर कडक बंधनं घातली आहेत. जमीन वाचवायला ती हवीतच, कारण एकदा बांध फोडून इमारत उभी राहिली की खाचर परत मिळत नाही. पण लावणीला माणूस मिळत नसेल, तर कायद्याने राखलेलं खाचरही पडीकच राहतं. त्यात रानडुकरांची भर आहे. देशाचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील, असं भूतानच्या संविधानाने बजावलं आहे. त्याचं जगभर कौतुक होतं, पण जंगलाकडेच्या शेतकऱ्याला रात्ररात्र पीक राखावं लागतं. म्हणजे जंगल आणि हिरवी खाचरं पाहण्याचा आनंद सगळ्यांचा आणि त्याची किंमत त्या एकट्याची.

ही किंमत वाटून घेण्याची सोय भूतानपाशी आधीच आहे. परदेशी पर्यटकांकडून तिथे शाश्वत विकास शुल्क घेतलं जातं. २०२२पासून भारतीयांनाही माणशी, दर रात्रीसाठी १,२०० रुपये भरावे लागतात, इतर बहुतेक देशांच्या प्रवाशांना २०२३पासून १०० डॉलर. या पैशाचा ठरावीक वाटा खोऱ्यातल्या पाटांच्या दुरुस्तीला, पिकाभोवतीच्या कुंपणांना आणि छोट्या भातयंत्रांना मिळाला, तर शेती राखणं ही शेतकऱ्यावरची सक्ती न राहता त्याच्या फायद्याची गोष्ट होईल. मंदिराच्या छताची डागडुजी सार्वजनिक पैशातून व्हावी हे आपल्याला सहज पटतं. त्याच न्यायाने पाटाची डागडुजीही सार्वजनिक जबाबदारी आहे.

प्रवाशालाही आपला वाटा उचलता येतो. शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करावा, खोऱ्यातला तांदूळ मागून खावा, लावणी-कापणीच्या दिवसांत बांध तुडवत फोटो काढू नयेत. गावच्या माणसाला मंदिराच्या इतिहासाबरोबर यंदा पाणी कसं आहे, हेही विचारावं. मंदिर दगडामातीचं आहे. पडलं तर ते पुन्हा बांधता येतं आणि पुनाख्याचा झोंग आग, भूकंप आणि पूर यांनंतर अनेकदा पुन्हा उभारला गेला आहे. पाणी फिरवायचं, बांध राखायचे, रोपं लावायची ही जाण मात्र एका पिढीने सोडली, तर ती परत शिकवणारं कुणी उरत नाही. म्हणून आज अधिक काळजी खाचरांची घ्यायला हवी.