महाद्वाराचा रस्ता

दिवाळीच्या दिवसांत कोल्हापुरात महाद्वार रोडचा पत्ता कोणालाही विचारावा लागत नाही. गर्दीच आपल्याला तेथे नेऊन सोडते. बिनखांबी गणेश मंदिराकडून शिरावे आणि पापाच्या तिकटीला बाहेर पडावे. चालावयास गेले तर काही मिनिटांचा हा रस्ता. पण मुलांचे कपडे, पणत्या, रांगोळी आणि आकाशकंदील घेत घेत गेले तर अख्खी संध्याकाळ पुरत नाही. मध्येच गुजरीची वाट फुटते. तेथे आपली पावले जरा रेंगाळतात. साजाच्या एकवीस पानड्या मोजता मोजता गृहिणींचा चेहरा खुलतो आणि यजमानांचा गंभीर होतो!

मी मराठीचा मास्तर. त्यामुळे दुकानांपेक्षा नावांपाशी अधिक थबकतो. ज्या देवळाला खांब नाही ते बिनखांबी, हे सरळच आहे. पण 'तिकटी'? बाहेरगावचे विद्यार्थी हा शब्द ऐकून हसतात. कोल्हापूरकराला ती तीन रस्त्यांची भेट. जुन्या मराठीत मात्र गुन्हेगाराला फटके देण्यासाठी ज्या तीन लाकडांच्या चौकटीला बांधीत, तिलाही तिकटीच म्हणत. आज त्या जागी उभे राहून आपण निर्धास्तपणे रिक्षाची वाट पाहतो.

गंगावेश, रंकाळावेश, वरुणतीर्थ वेश ही नावेही अशीच. वेशी गेल्या, शहराचा तट गेला, खंदक बुजले. तटाची खूण पाहावयाची तर बिंदू चौकातील बुरुजापाशी जावे लागते. तळ्यांचेही तेच झाले. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. महाद्वाराच्या हाकेच्या अंतरावरील कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. जेथे लोक स्नान करीत, तेथे आज आपण मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करतो. शहर वाढते ते असे, एका पिढीच्या गरजेवर दुसऱ्या पिढीची गरज रचीत.

या साऱ्याच्या मध्यभागी अंबाबाईचे देऊळ आहे. दहाव्या ते तेराव्या शतकात येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत महालक्ष्मीचा वरप्रसाद अभिमानाने मिरवीत. पुढे धामधुमीच्या काळात मूर्ती एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, असे सांगतात. १७१५ साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. देवळाचा पश्चिम दरवाजा तो महाद्वार. त्यावरूनच या रस्त्याला नाव मिळाले.

पण महाद्वारासमोरून आणखी एक वाट निघते. ताराबाई रोड. तो पश्चिमेला, रंकाळ्याकडे जातो. या वाटेने वर्षातून दोनदा एक पाहुणा येतो. दिवाळीच्या आसपास, ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि नंतर ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा अशी एकेक पायरी ओलांडीत ते गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखकमल, असा हा किरणोत्सव.

यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही, आणि नवल वाटण्यास हरकतही नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. नोव्हेंबरचा तो मुहूर्त त्याच्या सुमारे एक्केचाळीस दिवस आधी येतो आणि फेब्रुवारीचा तितकेच दिवस नंतर. म्हणून जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. ज्या कारागिरांनी देवळाची दिशा साधली, त्यांच्याजवळ निरीक्षणाची चिकाटी किती असेल!

मात्र त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : मधली वाट मोकळी राहील. ढग आणि धूळ यांना इलाज नाही. परंतु माड्या, पत्रे, टाक्या, फलक हे आपण उभारलेले. अलीकडच्या वर्षांत या वाटेची मोजणी झाली आणि काही अडथळे उतरवलेही गेले. मोजणारा नकाशा पाहतो. पण त्या नकाशातल्या प्रत्येक रेघेमागे कोणाचे तरी घर असते.

माझ्या आत्याचे घर याच वाटेवर. खाली दुकान, वर माडी. माझा आतेभाऊ म्हणाला, "आणखी दोन मजले चढवू. तीन भावांचे संसार आता एका माडीत मावत नाहीत." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मुलांना अभ्यासाला जिना आणि सुनांना वाळवणाला खिडकी, अशी अवस्था. आत्याने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "अरं, आईच्या अंगावरचं ऊन आपल्याच भिंतीनं अडवायचं होय?"

"ऊन सहा दिवसांचं, आत्या, घर बारा महिन्यांचं," मी भाच्याच्या अधिकाराने बोलून गेलो. तिने माझ्याकडे असे पाहिले की शिकवणारा मी, पण धडा मलाच मिळाला.

अखेर समोरची बाजू होती तेवढीच राहिली. मजला मागच्या अंगाला, निम्म्या जागेत चढला. धाकटा भाऊ उपनगरात राहावयास गेला. सणाला येतो, पण जाताना त्याचा चेहरा थोडा उतरतो. आत्याही त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बराच वेळ पाहत उभी राहते. वाट मोकळी ठेवण्याची किंमत कोणालातरी द्यावी लागते. ती बहुधा उत्सवाच्या गर्दीला दिसत नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी आत्याबरोबर देवळात उभा होतो. त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग होते. किरण कासव चौकापर्यंत आले आणि विरले. लोक हळहळले. मी तिला म्हटले, "यंदा नाही पोचले."

"ढगानं अडवलं," ती समाधानाने म्हणाली, "आपण नाही."