कालवणासोबत भाकरी की चपाती?

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौल, रेवदंडा, काशीद अशी गावे लागतात आणि गावागणिक खानावळी लागतात. मासळीच्या ताटाची मागणी नोंदवून झाली की वाढपी एक प्रश्न हमखास विचारतो : भाकरी की चपाती? बहुतेक पाहुणे सवयीने उत्तर देतात. घरी चपाती खाणारा चपाती मागतो. ‘कोकणात आलोच आहोत’ म्हणणारा भाकरी मागतो. समोर येणारे कालवण कोणते आहे, पातळ की अंगाबरोबर, काटेरी माशाचे की कोलंबीचे, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर ताटातल्या पदार्थावर ठरावयास हवे. पिढ्यान्‌पिढ्या या किनाऱ्यावर ते तसेच ठरत आले. अलीकडे मात्र ते प्रतिष्ठेवर ठरू लागले आहे आणि त्यात भाकरीवर अन्याय होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम या दोन पदार्थांची घडण पाहू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून कणीक मळली की ती परस्परांत गुंततात आणि ग्लूटेन नावाचे लवचिक जाळे तयार होते. या जाळ्यामुळेच कणीक ताणली तरी तुटत नाही, लाटता येते, तेल लावून घडी घालता येते. तांदळाच्या प्रथिनांना असे जाळे विणता येत नाही. थंड पाण्यात भिजविलेले तांदळाचे पीठ लाटू गेले तर कडेला चिरते आणि उचलू गेले तर तुटते. मग भाकरी एकसंध राहते ती कशाच्या बळावर? उत्तर आहे, उकडीच्या. तांदळातील पिष्टाचे कण साधारणतः ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात व चिकट होतात. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ टाकून, झाकण ठेवून वाफ आणली म्हणजे पिठाचा काही भाग आधीच शिजतो आणि तोच उरलेल्या पिठाला बांधून ठेवतो. थोडक्यात, चपातीला प्रथिने सांधतात आणि भाकरीला पिष्ट. पुढचे सारे भेद येथून निघतात.

उकड परातीत काढून, हाताला सोसेल इतकी गरम असतानाच ती तळव्याने मळावी लागते. या मळण्यात कसूर झाली तर पुढे काही सावरत नाही. आगरी आणि कोळी घरांतल्या जुन्या बायका पाण्याचा हात लावून भाकरी दोन्ही तळव्यांवर फिरवीत मोठी करतात. पोळपाट लागत नाही की कोरडे पीठ. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूने पाणी फिरवावयाचे, ते सुकत आले की उलटावयाची आणि शेवटी निखाऱ्याशी किंवा गॅसच्या ज्योतीवर फुगवावयाची. आत कोंडलेली वाफ भाकरीचे दोन थर करते. वरचा पातळ, किंचित खरपूस पापुद्रा आणि खालचा मऊ, जाडसर भाग. या दोन थरांची कामे वेगवेगळी आहेत, हे खाणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्याच्या बोटांच्या मात्र येते.

तांदूळ कोणता घ्यावा, याबाबत घरोघरी मतभेद आहेत. सर्वसाधारणपणे जाड दाण्याचा तांदूळ भाकरीला उत्तम; सुवासिक, बारीक तांदूळ भाकरीत वाया जातो. नव्या तांदळाचे पीठ चिकट होते, त्यास पाणी कमी लागते. जुना तांदूळ पाणी अधिक पितो. दळून फार दिवस झालेल्या पिठाची भाकरी कडेला भेगाळते, म्हणून पीठ थोडे थोडे दळून आणण्याची रीत आहे. किनाऱ्यालगतच्या खारजमिनीत पूर्वी तांबड्या सालीचा जाड तांदूळ पिकविला जाई. त्याची भाकरी दिसावयास मळकट, पण चवीला गोडसर. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारटपणा सोसणारे सुधारित वाण विकसित केले आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाण गोड्या पाण्याच्या खाचरांत पसरले.

आता कालवणाकडे वळू. कोळ्यांचे आंबट, चिंच किंवा कोकम घातलेले, पातळ आणि तिखट असते. त्यात भाकरीचा तुकडा बुडविला की खालचा सच्छिद्र थर रस भराभर शोषून घेतो. पापुद्रा तो तुकडा बोटांत तुटू देत नाही. चपातीच्या पृष्ठभागावर तेल असते आणि आत ग्लूटेनचे जाळे. रस तिच्यावरून ओघळून जातो, आणि बराच वेळ बुडवून ठेवली तर ती मुरण्याऐवजी बुळबुळीत होते. म्हणून पातळ कालवण आणि भाकरी ही जोडी केवळ रूढीने जुळलेली नाही. दुसरे कारण काट्यांचे. बोय किंवा पाल्यासारखा काटेरी मासा खाताना बोटे सतत काटे चाचपण्यात गुंतलेली असतात. भाकरी एका हाताने सहज मोडते; चपातीला ओढ द्यावी लागते, आणि त्या ओढीत लक्ष काट्यावरून उडते. लहान मुलांना मासा खाण्यास शिकविताना भाकरी द्यावी की चपाती, हा प्रश्न या किनाऱ्यावरच्या आजीला पडत नाही.

जिताड्याच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको. पेण-अलिबागच्या खाड्यांत आणि शेततळ्यांत वाढणारा हा मासा मेदयुक्त असतो. त्याच्या कालवणावर तेलाचा तवंग येतो. त्यासोबत पुन्हा तेल लावलेली चपाती खाणे म्हणजे तोंड ओशट करून घेणे. सुकटीचेही तेच. भाजलेली सुकट, हिरवी मिरची, अलिबागचा पांढरा कांदा (या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) आणि गरम भाकरी, एवढे असले की लावणीच्या दिवसांत दुपारचे जेवण होते.

चपातीची बाजूही ऐकली पाहिजे. कोलंबीचे सुके, खिमा, अंड्याची भुर्जी, वालाचे अंगाबरोबर रस ठेवलेले बिरडे, हे पदार्थ चिमटीत पकडावे लागतात. पातळ, मऊ आणि न तुटणारी चपाती त्यांना नेमकी वेढते. भाकरीचा तुकडा तेथे जाड पडतो आणि मसाल्यावर मात करतो. तळलेल्या मासळीबरोबर काय खावे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तळलेला बोंबील नुसता खावा. कोंबडीच्या रश्श्याला आणखी तिसरेच उत्तर आहे, वड्यांचे, पण तो सणाचा आणि पाहुण्यांचा पदार्थ असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

चपातीचे खरे सामर्थ्य डब्यात दिसते. भाकरी थंड झाली की तिच्यातील शिजलेले पिष्ट पुन्हा घट्ट रचले जाऊ लागते, पाणी बाहेर पडते आणि ती कडक होते. सकाळी सहाला केलेली तांदळाची भाकरी दुपारी एक वाजता गुंडाळता येत नाही. चपातीतले तेल आणि ग्लूटेन ही प्रक्रिया लांबवितात. उरणला जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्याआधीपासून पेण-पनवेलच्या पट्ट्यात कारखाने येत होते. शेतावर नेलेल्या भाकरीची जागा पाळीच्या नोकरीवर नेलेल्या डब्याने घेतली आणि डब्यात चपाती गेली. यात कोणाची चूक नव्हती. सोयीचा तो न्याय होता.

पण गहू या जिल्ह्यात पिकत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, खारट जमीन आणि नावापुरती थंडी, अशा हवामानात त्याचा निभाव लागत नाही. तो आला बाहेरून, आणि मुख्यतः रेशनच्या दुकानातून. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखालील गहू देशभर पोहोचला. त्यानंतर हरितक्रांतीचा गहू आला. मुंबईतल्या गिरणीत किंवा गोदीत काम करणारा मुलगा गावी येताना चपातीची सवयही घेऊन आला. चपाती म्हणजे नोकरी, चपाती म्हणजे शहर, असे समीकरण हळूहळू पक्के झाले.

गमतीचा भाग असा की, तांदळाची भाकरीदेखील एके काळी कुळाला सहज मिळणारी वस्तू नव्हती. खोतीच्या पद्धतीत खंड भाताने मोजावा लागे. खाचरातले भात खळ्यावरूनच मालकाकडे जाई आणि वरकस जमिनीवरची नाचणी व वरी कुळाच्या वाट्याला उरे. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात जमीन कसण्यास नकार दिला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि अखेर १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली. ज्या तांदळासाठी एका पिढीने एवढे सोसले, त्याची भाकरी पुढच्या पिढ्यांना पाहुण्यांसमोर ठेवण्यास संकोच वाटू लागला. नाचणीपेक्षा तांदूळ वरचा, तांदळापेक्षा गहू वरचा, ही उतरंड चवीने लावलेली नाही.

अशी उतरंड जगात इतरत्रही आढळते. पोर्तुगीजांनी चौलला आपला किल्ला उभारण्यास १५२१ मध्ये प्रारंभ केला. त्याच वर्षी स्पॅनिश सैन्याने मेक्सिकोतील अझ्टेकांची राजधानी जिंकली. तेथील लोक मक्याची भाकरी खात होते. स्पॅनिशांनी तिला ‘तोर्तिया’ हे नाव दिले आणि सोबत गहूही नेला. आज मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाचे तोर्तिया आणि मध्य व दक्षिण भागात मक्याचे, अशी ढोबळ विभागणी दिसते. मक्यातही ग्लूटेन नाही. म्हणून तेथील बायका मका चुनखळीच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटतात. त्याने साल सुटते, पीठ एकसंध होते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. आपल्याकडची उकड आणि त्यांची चुनखळी, दोहोंमागची अडचण एकच. तेथेही मांसाचे रसदार, तिखट तुकडे मक्याच्या तोर्तियात घालून ‘टाको’ म्हणून खाल्ले जातात, आणि मोठी, भरगच्च गुंडाळी करावयाची तर गव्हाचा तोर्तिया घेतात. पातळ कालवणाला भाकरी आणि सुक्याला चपाती, हा रायगडच्या किनाऱ्याचा निवाडा त्याहून फार वेगळा नाही.

आरोग्याच्या अंगाने दोन गोष्टी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मधुमेही व्यक्तीला ‘भात बंद करा’ असे सांगितल्यावर अनेक घरांत भात बंद होतो आणि भाकऱ्यांची संख्या वाढते. पॉलिश केलेल्या तांदळाची भाकरी म्हणजे दळून भाजलेला भातच. रक्तातील साखर तीही लवकर वाढविते. गव्हाच्या कणकेत प्रथिने आणि तंतू अधिक असतात, हे चपातीच्या बाजूचे खरे; तरी चार चपात्या म्हणजे पथ्य नव्हे. उलट ज्यांना सीलिॲक हा विकार आहे, त्यांना ग्लूटेन पूर्णतः वर्ज्य असते आणि त्यांच्यासाठी तांदळाची भाकरी हा मोठाच आधार आहे. मात्र ज्या चक्कीवर आधी गहू दळला गेला, त्याच चक्कीवर लगेच दळलेल्या तांदळाच्या पिठात गव्हाचा अंश येतो. वड्यांच्या पिठातही बऱ्याच घरी गहू असतो. अशा रुग्णांनी तांदूळ घरच्या घरघंटीवर दळणे श्रेयस्कर.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून मुंबईकरांना हा किनारा आणखी जवळचा झाला आहे. मांडव्याला बोटीने येणारे आहेतच. शनिवार-रविवारी खानावळींना भाकऱ्या कमी पडतात. चपात्या यंत्रावर दाबून झटपट होतात. तांदळाची चांगली भाकरी अजूनही बहुतांशी हातावरच होते, एका वेळी एकच. त्यामुळे आसपासच्या घरांतल्या बायकांकडून नगावर भाकऱ्या घेण्याची पद्धत पडली आहे आणि ज्या कौशल्याची सुनांना लाज वाटू लागली होती, त्याचे आता रोख पैसे मिळतात. पुष्कळ खानावळींत भाकरीचा दर चपातीहून अधिक असतो, तो याच श्रमांपोटी. तक्रार करणाऱ्याने एकदा गरम उकड तळव्याने मळून पाहावी.

मागणी नोंदविताना एवढेच करावे : आधी कालवण विचारावे, मग भाकरी सांगावी, आणि एकदम तीन न मागता एकेक मागावी, ताटात थांबलेली तिसरी भाकरी पहिलीसारखी राहत नाही. घरी उरली तर ओलसर फडक्यात गुंडाळून वाफ द्यावी. घट्ट झालेले पिष्ट उष्णतेने पुन्हा सैल होते आणि भाकरी मऊ होते, पण पुन्हा गार होण्याआधी ती खाल्ली पाहिजे. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलीच, तर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतावी, किंवा रात्रीचे आंबट शिल्लक असल्यास त्यातच मोडून टाकावी. मुरलेले आंबट आणि शिळी भाकरी यांना मात्र चपातीचा पर्याय नाही.